चार नंबरचं तेल

३ मार्च, रविवार

आज सकाळच्या चहाला गिअर ऑइलचा वास आला. इतिहासात नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. तीनदा साबण, लिंबू, बेसन, शेवटी वहिनीने दिलेली राख – काहीही चाललं नाही. सडक्या अंड्यात हिंग कालवावा तसा वास. कप उचलला की बोटं नाकाशी आणि नाकाशी गंधक. एका निरपराध माणसाच्या चहावर एवढा अत्याचार बीदर शहरात आजवर झाला नसेल!

आणि अपराध काय, तर अंगणात माझ्या थोरल्या भावाच्या, भीमसेनअण्णाच्या गाडीखाली ठेवलेल्या परातीत मी बोट घातलं. जुनं तेल रेवणसिद्ध मिस्त्री काढून गेला होता. काळंकुट्ट. गाडी लाल, विलायती, दोन सीटची, बिनटपाची. वय त्रेपन्न. माझ्याहून एक वर्षाने मोठी, त्यामुळे घरात मान तिला जास्त.

मागच्या डिफरन्शियलमध्ये रेवणसिद्धने नवं तेल भरलं. गिअरबॉक्स कोरडाच ठेवला. म्हणाला, "मागं पाच नंबर, पुढं चार नंबर. पाचात गंधक जास्ती असतंय मास्तर. मागचे दात लोखंडाचे, एकमेकावर घासतेत, त्यांना ते पायजेच. पर गिअरबॉक्समधी पितळी रिंगा हायत. पितळेला खातंय ते."

तेल ओढायचा त्याचा हातपंप मी ठेवून घेतला. "राहू दे, मी आणून देतो."

७ मार्च, गुरुवार

चार नंबर मिळत नाही! सहा दुकानं झाली. सगळीकडे पाच. अमृतप्पाच्या दुकानात तर ज्ञानच मिळालं – "चार न्हाई की हो मास्तर. पाच घ्या. चारपेक्षा पाच मोठाच हाय की!"

रेवणसिद्धने हैदराबादला सांगून ठेवलंय. आठ दिवस लागतील म्हणे. अण्णा जेवताना ताटावरून उठला. "रविवारी गाडी रस्त्यावर पायजे. न्हाई तर त्या रेवण्याला त्याच्याच गॅरेजच्या खड्ड्यात पुरतो." बोलता बोलता तांब्या भिंतीवर. कोनाड्याशेजारी असे सात खळगे आहेत. वहिनी आता त्यावर कॅलेंडर लावते.

९ मार्च, शनिवार

भरलं. पाच नंबरच. मागच्या डिफरन्शियलमध्ये भरून उरलेलं होतं, ते सगळं पंपाने आत ढकललं. तेल ते तेल! दर आठवड्याला पेपरातल्या सदरात अख्ख्या जिल्ह्याची अक्कल काढणारा मी, एका डब्यावरच्या आकड्याला घाबरू?

अडचण एकच. मला गाडीला हात लावायची बंदी आहे. गेल्या वर्षी बॅटरीच्या तारा उलट्या लावल्या, तेव्हा अण्णाने कानफटात मारली होती. एक्कावन्नाव्या वर्षी, वहिनीसमोर. डाव्या कानात अजून शिट्टी वाजते.

म्हणून रेवणसिद्धला फोन केला. "उदगीरला चार नंबर मिळालं. भरलं मी."

"चारच हाय न्हवं? डब्बा नीट बघितलाव?"

"वाचता येतं मला! अण्णाला मात्र सांगू नको मी हात लावला."

"न्हाई सांगत. तुमचं नाव माझ्या तोंडून येत न्हाई. शब्द."

१० मार्च, रविवार

गाडी पळाली. अण्णा हसला! वर्षातून दोनदा होतं हे.

२४ मार्च, रविवार

तिसऱ्यावरून दुसरा टाकताना कुर्रर्र. अण्णा म्हणाला, "कसला आवाज रे हर्षा?" मी म्हणालो, "वय झालं की हाडं वाजतातच." विनोद झाला, हशा झाला. घरी येऊन डबा पुन्हा वाचला. पाच. डबा गच्चीवर, जुन्या कूलरच्या मागे ठेवला.

३१ मार्च, रविवार

गुलबर्ग्याला जुन्या गाड्यांची मिरवणूक. अण्णाने फेटा बांधलेला. मी शेजारी. चौकातल्या वळणावर त्याने दुसरा टाकला आणि गाडी किंचाळली. डुकराला सुरी लावावी तशी. पुन्हा टाकला, पुन्हा किंचाळली. लोक कानावर हात ठेवून हसले, मोबाइल वर झाले. कुणीतरी ओरडलं, "अण्णा, दाणा दळून देता का?"

हुमनाबादमार्गे घरापर्यंत अण्णा फेटा सोडत होता. एका हाताने. पिळत पिळत.

१ एप्रिल, सोमवार

लिहिलंच पाहिजे.

सकाळी अण्णा मला घेऊन जनवाड्याच्या रस्त्यावर रेवणसिद्धच्या गॅरेजात गेला. पाचसहा गिऱ्हाईकं होती. रेवणसिद्ध चाकाजवळ बसलेला.

"काय भरलास रे गिअरबॉक्समधी?"

"चार नंबर, अण्णा."

पहिली लाथ छातीत. तो टायरांवर पडला, उठला. अण्णाने गचांडी धरून भिंतीवर आपटलं. "दुनियेसमोर माझं हसं केलास! स्वस्तातलं भरलास, खरं बोल!" नाकातून रक्त, शर्टावर.

त्याने माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्यात तक्रार नव्हती, नुसतं विचारणं होतं. मी खाली, नट-बोल्टांच्या डब्याकडे बघत राहिलो. सगळे बारा नंबरचे होते. मी मोजले.

मग त्याने शर्टाच्या आतून गळ्यातलं इष्टलिंग काढलं, डाव्या तळव्यावर ठेवलं. "लिंगावर सांगायलोय अण्णा. चार नंबरच हाय."

"लिंगावर खोटं बोलायलास?" अण्णाने टायर खोलायची टॉमी उचलली. रेवणसिद्धने डावी मूठ मिटून पोटाशी घेतली, उजवा हात आडवा केला. आवाज आला. वाळकी तुराटी मोडावी तसा.

नंतर अण्णाने रस्त्यात चहा घेतला. मलाही पाजला. मी प्यायलो.

३ एप्रिल, बुधवार

अण्णा शेतावर. गाडीखाली शिरलो, बोल्ट खोलला. तेल परातीत पडलं. उन्हात धरलं तर सगळ्या तेलात पिवळी चमक. मैलारच्या जत्रेत भंडारा उधळून झाल्यावर पायरीवर राहते तशी. पितळ. त्या रिंगा मी खाल्ल्या.

हात धुतले नाहीत.

सदर पाठवलं नाही. या आठवड्यात अक्कल काढायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

५ एप्रिल, शुक्रवार

रेवणसिद्धच्या घरी गेलो. कोपरापर्यंत प्लास्टर, दोन बोटं बाहेर, जांभळी. पोलिसात गेला नाही. नागव्वा, त्याची बायको, दारातच म्हणाली, "आता काय मोडायचं राहिलंय, मास्तर?"

सांगितलं. पाच नंबर होतं. उदगीरला गेलोच नव्हतो.

रेवणसिद्धने प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाला, "मार बसला त्याचं न्हाई. हाड जुळतंय." डावा तळवा उघडून बघत राहिला. "मी ह्याच्यावर खोटं बोललो की हो, मास्तर. तुमच्या भरवशावर."

तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

"भीमसेनअण्णाला सांगितलाव?"

"नाही."

"मग मलाच कामून सांगायलात? मी काय करू ह्याला?"

नागव्वाने पाणी आणलं होतं. ते तिने परत आत नेलं.

६ एप्रिल, शनिवार

गच्चीवरून डबा काढला. पंप रॉकेलने धुतला, पुसला. उद्या अण्णाला गॅरेजात घेऊन जाणार. सगळ्यांसमोर सांगणार. घरात सांगितलं तर ते घरातच राहील.

अक्षर बघून घेतो, चांगलं आहे माझं.

९ एप्रिल, मंगळवार

डाव्या हाताने लिहितोय. वाचता आलं तर बघू.

रविवारी गॅरेजात अण्णाने तीच टॉमी उचलली. तोच उजवा हात, या वेळी माझा. लोक सहा होते, सगळ्यांनी ऐकलं – चूक कुणाची, खोटं कुणाचं. अण्णाला मागून ओढलं ते रेवणसिद्धने.

निघताना रेवणसिद्धला त्याचा पंप परत दिला. देवघेव उजव्या हाताने करतात. आम्हा दोघांकडे तो नव्हता. त्याने डावा तळवा पुढे केला, मी डाव्याने ठेवला.