आईच्या वहीत अस्वल

ती. फुमिए ताईस,

तेत्सुरोचा वाकून नमस्कार. भावजींची कंबर कशी आहे? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे माझ्या पोटऱ्यांना गोळे आले आहेत आणि तुझी भावजय साकाए चार दिवस माझ्याशी बोलत नाहीये, एवढं सोडलं तर.

आईची ती देवळांची वही. करुणेच्या देवी कान्नोनच्या तेहेतीस देवळांपैकी बत्तिसांचे शिक्के तिने बाबांबरोबर फिरून घेतले. मग बाबा गेले आणि डोंगरावरचं शेवटचं राहिलं. "ही माझ्या शवपेटीत ठेवा, यमाला दाखवायचीय," असं ती एक्क्याण्णवाव्या वर्षी चहा मागावा तितक्या सहज सांगते. गुडघ्यांमुळे पायऱ्या तिला जमत नाहीत, म्हणून त्या उरलेल्या एका पानासाठी मी निघालो.

मी देवळासाठी निघालो आणि साकाएने त्याची सहल केली. "अहो, आलोच आहोत तर किल्ला बघू." चाळीस मिनिटं चढलो. वर किल्ला नव्हताच, 'येथे किल्ला होता' अशी पाटी होती (शेजारी दुसरी: अस्वलांपासून सावध). मग धबधबा. सुंदर असेल, माझ्या चष्म्यावर इतके तुषार होते की मला फक्त आवाज आला. तिथल्या चहाच्या टपरीत पर्यटकांसाठी आठवणीचा शिक्का दोरीला बांधलेला होता, गवती टोपी घातलेल्या हसऱ्या अस्वलाचा. आपल्या लोकांना शिक्का दिसला की हात शिवशिवतो, आणि कोणीतरी (नाव घेत नाही, पण ती माझ्याच घरात राहते) तो उमटवला. आईच्या वहीत. शेवटच्या पानावर.

देवळाच्या आठशे पायऱ्या चढून वही पुढे केली तेव्हा हे कळलं. पुजाऱ्यांनी शाईत बुडवलेला कुंचला तसाच वर धरला, दातांतून श्वास ओढला आणि म्हणाले, "हं... हे जरा अवघड दिसतंय." ताई, आपल्याकडे 'जरा अवघड' म्हणजे साफ नाही, हे तुला सांगायला नको. मी नाक चटईला लागेपर्यंत वाकलो. शेवटी त्यांनी सुट्या कागदावर लिहून शिक्का दिला. तेवढ्यात बस गेली होती, त्यामुळे तो अस्वलावर नीट चिकटवायला मला थांब्यावर अडीच तास मिळाले.

भावजींना नमस्कार.

तुझा,
तेत्सुरो

ता. क. : आईला फोन करून सांग ना, की हल्ली सगळीच देवळं सुटा कागद देतात. तुझ्यावर तिचा विश्वास आहे.

ता. क. २ : शिक्का मी मारला. चष्मा पुसायच्या आधी. साकाए "अहो, ती वही नव्हे!" म्हणून ओरडली होती, पण मला वाटलं ती धबधब्याचं कौतुक करतेय.

ता. क. ३ : फोन करू नकोस. पत्र टाकायला निघालो तर आईने ते पान उजेडात धरलेलं. "याला कान आहेत," म्हणाली. मी सगळं कबूल केलं. तिने शांतपणे पहिलं पान काढून उजेडात धरलं. तिथेही वर चिकटवलेल्या कागदाखाली छत्री घेतलेलं माकड होतं. "तुझ्या बाबांनी मारलेलं. पस्तीस वर्षं मला कळलं नाही, असं समजून गेले बिचारे," म्हणाली आणि डोळे पुसत इतकी हसली की साकाए धावत आली. आणि माझ्याशी बोलली.