आतल्या स्टुलावरचं गिऱ्हाईक

मंगळवार, १० मार्च

प्रिय ताई,

तू बरी असशील, मुलं बरी असतील, असं धरून चालते. रिपोर्ट सोबत आहे, आधी तो वाच. उपाशीपोटीची साखर मागच्या वेळेपेक्षा वाढली आहे. डॉक्टरांना दाखव, टाळाटाळ करू नकोस. रिपोर्टच्या पाकिटात पत्र घालणं लॅबच्या नियमात बसत नाही, हे मला कळतं. पण तुझ्या घरी हे एकच पाकीट तुझ्याशिवाय कोणी फोडत नाही.

काल रक्त द्यायला आलीस तेव्हा मी काचेपलीकडेच होते. तू वर पाहिलं नाहीस. बरोबर केलंस.

मला आता रक्त काढायला बसवत नाहीत. एका पेशंटने सुई टोचायच्या आत विचारलं, "तुम्ही त्या पंखेवाल्याच्या कोण?" मी म्हटलं, "बहीण." त्याने बाही खाली ओढून घेतली. तेव्हापासून मी मागच्या खोलीत, मशीनपाशी. साहेब म्हणाले, "तुमच्याच भल्यासाठी हो." माणूस वाईट नाही. पण तिथे दिवसभर कोणी बोलायला येत नाही. परवा मी बाटल्यांवरची नावं मोठ्याने वाचत बसले होते, आणि हे माझ्याच बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

जुनी जागा सोडावी लागली. नव्या खोलीची मालकीण चांगली आहे, फक्त चौकशा फार. "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "कोणी नाही." इतकं सहज तोंडातून गेलं की मीच दचकले. तू सासरी बावीस वर्षं हेच सांगत आलीस. मला वाटायचं, कसं जमतं हिला? जमतं, ताई.

आपल्या धाकट्याला तुरुंगात भेटून आले. वजन उतरलंय, जीभ तशीच आहे. "इथले चार पंखे चालू करून दिले," म्हणाला, "म्हणून खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर मला एवढा मान कुठे होता?" शेजारी शिपाई उभा असतो, केसबद्दल धड बोलता येत नाही.

पेपरात आलं ते तू वाचलं असशील. कोर्टात काय झालं ते वाचलं नसशील. धाकट्याच्या दुकानासमोरच्या शिंप्याने त्यांच्या प्रार्थनास्थळाचा कर्णा दुरुस्तीला आणला होता आणि त्याला तो संध्याकाळपर्यंत हवा होता, इथवर सगळ्यांना मान्य आहे. धाकटा म्हणतो, पार्ट नव्हता, दोन दिवस लागतील एवढंच मी सांगितलं. शिंपी म्हणतो, याने धर्माची निंदा केली. वकिलांनी त्याला विचारलं, "नेमके शब्द काय होते?" तो म्हणाला, "ते जिभेवर आणले तर मीही पापी ठरेन." न्यायाधीश म्हणाले, "बरोबर आहे, उच्चारू नका." झालं. बाहेर आल्यावर वकील मला म्हणाले, "बाई, जे सांगितलंच नाही ते खोटं कसं पाडू?" गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा जन्मठेपेची आहे.

त्याची जीभ तुला माहीत आहे, मलाही. म्हणून लिहून टाकते: म्हणाला असेल काहीतरी, असं माझ्याही मनात येऊन गेलं. सख्ख्या बहिणीच्या मनात येतं, तिथे परक्यांना काय बोल लावू?

वकिलांनी विचारलं होतं, दुकानात आणखी कोणी होतं का. भेटीत मी धाकट्याला आडून विचारलं. तो शिपायाकडे बघत म्हणाला, "टेबलफॅनचं गिऱ्हाईक होतं. आतल्या स्टुलावर."

तो फॅन! तुझ्या सासूबाई म्हणतात ना, "हा पंखा आहे की दुखणेकरी? दर महिन्याला आपला दवाखान्यात!" त्याला कधीच काही झालं नव्हतं, हे आपल्या तिघांनाच ठाऊक.

म्हणजे सगळं बोलणं तू ऐकलंस.

तो पुढे घाईघाईने म्हणाला, "त्या गिऱ्हाइकाला यात ओढायचं नाही हं, छोटीताई. माझी शपथ आहे. एक जण आत आहे, पुरे. सगळं घर कशाला?" मी वकिलांना सांगितलं, दुकानात कोणी होतं की नाही, मला माहीत नाही.

नंतर "समजा" म्हणून एक गोष्ट मात्र विचारली. आपल्या लोकांची साक्ष कोर्ट हलकी धरतं. पण शिंप्याच्या धर्माचं एक माणूस जरी उभं राहिलं, मी तिथे होते, असं काही बोलणं झालं नाही म्हणालं, तर ते भावंड असलं तरी ती साक्ष उडवून लावता येत नाही, असं ते म्हणाले. लग्नापासून तू त्यांच्यातलीच आहेस, कागदोपत्री आणि मनानेही. ज्यासाठी बाबांनी घरात तुझं नाव काढू दिलं नाही, त्यालाच आता वजन आहे.

उलटतपासणीत पहिला प्रश्न येईल, आरोपी तुमचा कोण? मग तुझ्या सासरी काय होईल, मुलांना वर्गात काय ऐकावं लागेल, हे मी हजारदा डोळ्यांसमोर आणलंय. भाऊजींना तुझं माहेर माहीत आहे, मुलांना नाही. लेकीचं लग्न ठरत आलंय, असंही कानावर आलं.

साक्षीदारांची नावं द्यायची मुदत गुरुवारी संपते. इथवर लिहून "पुढचं तू ठरव" म्हणायचं, असं माझ्या मनात होतं. तसं लिहिलंही. वाचून पाहिलं, तर काय समजूतदार दिसत होते मी! तो कागद फाडला. तू ठरव म्हटलं की तू आलीस तरी माझे हात स्वच्छ, आणि नाही आलीस तरी स्वच्छ. मला तसे हात नकोत. मला तू यायला हवी आहेस. मुलांना कळलं तरी. लेकीचं लग्न मोडलं तरी. त्याची शपथ मोडून मागतेय तरी. चांगली बहीण असं मागत नाही, हे मला कळतं.

कोर्टाच्या पुढच्या दाराशी गर्दी जमते. मागच्या दाराने वकिलांच्या खोलीत जाता येतं, गुरुवारी मी सकाळपासून तिथेच थांबेन.

ये.

तुझी धाकटी,
त्याची थोरली