चौकातल्या घड्याळाची सात मिनिटे

आदरणीय दादा,

आमच्या हिचे थोरले बंधू म्हणून तुमच्या पायांवर डोके ठेवतो (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात). पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधीच कान धरतो. उशिराची तीन कारणे आहेत. पहिले, हात कापतो. दुसरे, पेनातली शाई वाळली होती. तिसरे कारण पत्राच्या शेवटी येईल, म्हणून पत्र अर्ध्यावर उशीखाली ठेवून झोपू नका, तुमची ती सवय मला ठाऊक आहे. तुमचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले असेल. वहिनींच्या रक्तदाबाचे वगैरे कसे आहे? इकडे माझी छाती धडधडते, डॉक्टर म्हणतात काही नाही. डॉक्टरांना काही नसेल, मला आहे.

सायकलींची ती मोठी शर्यत तुमच्या शहरात, थेट तुमच्या गॅलरीखाली संपली असे ऐकतो. काही लोकांच्या गॅलऱ्याच तशा असतात. तुम्ही खुर्ची टाकून, पाय पसरून बघितली असेल. आनंद आहे. आमच्या गावातून ती नुसती जाणार होती. नुसती म्हणजे किती, तर अडतीस सेकंद (हे मी मोजले आहे, कसे ते पुढे येईल). त्या अडतीस सेकंदांसाठी इथे दोन महिने कोणी धड जेवले नाही. खड्डे बुजवले, कुत्री गोळा केली, आणि चौकातली दुकाने निळ्या रंगाने रंगवून काढली. पण सगळी नाही. टीव्हीची गाडी रस्त्याच्या एका अंगाने जाणार, तिच्या कॅमेऱ्याला डावी बाजूच दिसणार, म्हणून रंग डाव्याच बाजूला. माझे घड्याळदुरुस्तीचे दुकान एकतीस वर्षे उजव्या बाजूला आहे. हा दुकानाचा दोष आहे हे मला या वर्षी कळले.

डाव्या बाजूला, बरोबर माझ्यासमोर, विजेच्या सामानाचे दुकान आहे. त्याच्या मालकाला सगळे बल्बवाले म्हणतात. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण दात सगळे शाबूत. हा माणूस दर वाक्याला हसतो, ते दाखवण्यासाठीच. त्यांचे दुकान निळे झाले, वर पाटी नवी आली, आणि समोर नगरपालिकेने कुंड्या ठेवल्या. मला जळायचे काही कारण नाही. मी फक्त मोजल्या. अकरा आहेत.

आता घड्याळाचे सांगतो, कारण सगळे त्यावरच अडले आहे. चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला मी एकतीस वर्षे चावी देतो, मंगळवारी आणि शनिवारी, एकोणसाठ पायऱ्या चढून. मनोऱ्याची किल्ली माझ्या कमरेला असते, म्हणजे असायची. ते घड्याळ सात मिनिटे पुढे असते. चुकून नव्हे, मीच ठेवले आहे. (का ते तुम्हाला आजवर सांगितले नव्हते. आमचे लग्न झाले त्या वर्षी तुम्ही आमच्याकडे आलात आणि परत जाताना तुमची गाडी पाच मिनिटांनी चुकली. मग तुम्ही आणखी अकरा दिवस राहिलात. आम्हाला आनंदच झाला. पण बारा दिवसांनी मी वर चढलो आणि काटा पुढे सरकवला.) तेव्हापासून इथे कोणाची गाडी चुकत नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की बाहेरची वेळ सव्वाआठ असली तर आपली आठ बावीस. रोज सकाळी नऊचे ठोके पडले की सगळे दुकानदार पायरीवर येतात आणि आपापली घड्याळे त्यावर लावतात. मी पायरीवर उभा राहून बघतो. दिवसात मला बघण्यासारखे तेवढेच असते.

शर्यतीच्या चार दिवस आधी तुमच्या शहरातून एक साहेब आले. त्यांनी मनगटावर पाहिले, मनोऱ्यावर पाहिले आणि विचारले, "हे कोण बघतं?" मी तेव्हा दुकानात एका बाईंच्या घड्याळात स्प्रिंग बसवत होतो, डोळ्याला भिंग लावलेले, उठलो असतो तर स्प्रिंग गेली असती. तेवढ्यात बल्बवाले म्हणाले, "मी बघतो ना साहेब!" खोटे नाही म्हणता येणार. तबकडीमागचे चार दिवे ते बदलतात. संपले. संध्याकाळी नगराध्यक्षा बाई स्वतः माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, चार दिवस किल्ली द्या की. तेवढाच तुम्हाला आराम." दादा, मला आजोबा म्हणाल्या. त्यांच्या शाळेच्या परीक्षेसाठी घड्याळ मी दुरुस्त करून दिले होते. मी किल्ली काढून दिली. कमरेला इतके हलके वाटले की दोनदा खाली वाकून पाहिले, काही पडले की काय.

दुसऱ्या दिवशी बल्बवाल्यांना टोपी मिळाली. पांढरी, पुढे उन्हासाठी चोच असलेली. शिवाय एक शिट्टी आणि छातीवर लावायला बिल्ला, त्यावर लिहिलेले 'वेळप्रमुख'. रात्री जेवताना तुमची बहीण म्हणाली, "त्यांना टोपी किती शोभते नाही?" मी म्हणालो, "टक्कल झाकलं की कोणीही शोभतं." ती म्हणाली, "तुम्हालाही मग एक आणायला हवी." यावर मी पाणी प्यालो.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा पायरीवर आलो. नऊचे ठोके पडेनात. माझ्या खिशातले घड्याळ नऊ वाजून एक, दोन, पाच, सात मिनिटे दाखवू लागले, तेव्हा ठोके पडले. मी ओळखले. बल्बवाल्यांनी साहेबांच्या हुकमाने आदल्या संध्याकाळी घड्याळ बरोबर लावले होते! आणि कोणाला सांगितले नव्हते. (सांगायचे कसे? गावाचे घड्याळ एकतीस वर्षे चूक होते असे साहेबांसमोर कबूल करावे लागले असते.) आता गंमत पाहा. सगळे दुकानदार पायरीवर आले, आपले घड्याळ पाहिले, मनोरा पाहिला, आणि आपलेच पुढे गेले असे समजून मुकाट्याने सात मिनिटे मागे घेतले. शिंपी तर रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. "अहो, हे पळायला लागलंय बघा." मी घड्याळ कानाला लावले आणि म्हणालो, "तेल लागेल." दादा, मी खोटे बोललो नाही. तेल सगळ्यांनाच लागते.

छापील पत्रकावर लिहिले होते की सायकलस्वार दहा वाजून दहा मिनिटांनी चौकातून जातील. गावाने आपल्या सवयीने त्याचे दहा सतरा केले. ऊन फार, म्हणून सगळ्यांनी नगरपालिकेच्या आवारात सावलीला जमायचे, तिथे झेंडे वाटायचे, बँड वाजवायचा, आणि मनोऱ्यावर दहा बारा झाले की बल्बवाल्यांनी शिट्टी फुंकायची. मग सगळ्यांनी रांगेने रस्त्यावर यायचे. याची दोनदा तालीमही झाली होती. कागदावर दहा बारा लिहिले होते, आणि ज्या माणसाने घड्याळ बरोबर लावले तोच माणूस तो कागद हातात धरून दहा बाराची वाट बघत उभा होता. एकतीस वर्षांची सवय अशी एका संध्याकाळीत जात नाही.

आता मुख्य गोष्ट. मी सांगायला गेलो होतो. देवाशपथ गेलो होतो. गावाला नव्हे, गाव गेले खड्ड्यात, पण तुमच्या बहिणीने आठ दिवस आधीपासून ठेवणीतले कपडे उन्हात घालून ठेवले होते, तिला तरी सांगावे म्हणून दहाच्या सुमारास आवाराच्या फाटकाशी पोचलो. आत बघतो तर ती बल्बवाल्यांसमोर उभी, मान वाकडी करून त्यांचा बिल्ला त्यांच्या शर्टाला लावते आहे. आणि ते हसताहेत. सगळे दात. माझ्या शर्टाचे वरचे बटण दिवाणखान्यातल्या कपाटाच्या कडीला अडकून तुटले त्याला दोन महिने झाले. मी तिथूनच मागे फिरलो.

दुकानासमोर येऊन उभा राहिलो. रस्ता मोकळा. सगळा चौक माझा एकट्याचा (समोरच्या माडीवरच्या शिवणवर्गाच्या बाई खिडकीत होत्या, पण खिडकी म्हणजे काही रस्ता नव्हे). आवारात बँड इतका मोठ्याने चालला होता की पुढच्या पोलिसगाडीचा भोंगासुद्धा त्यांना ऐकू गेला नसेल. आणि दहा दहाला ते आले. दादा, तुम्ही वरून पाहिले, तुम्हाला टाळकी दिसली असतील. मी चार हातांवरून पाहिले. शंभरएक सायकली, आणि आवाज एकच, मोठ्या घड्याळाची चावी सुटली तर चाके फिरतील तसा, सरसर, दात दातात न अडकता. एका पोराच्या हनुवटीवरून घाम गळत होता तो माझ्या चपलेवर पडला. मी टाळ्या वाजवल्या. हातात तेलाची बुधली होती, ती टाळ्यांत उडाली, शर्ट खराब झाला. अडतीस सेकंद (सेकंद मी मनातल्या मनात मोजतो, धंद्याची सवय). मग मागून मोटारसायकलवर उलटा बसलेला एक फोटोवाला आला, त्याने रिकामा रस्ता पाहिला, मला पाहिले, आणि फोटो काढला.

दोन मिनिटांनी शिट्टी वाजली. सगळे गाव झेंडे घेऊन बाहेर आले आणि साडेदहापर्यंत उन्हात उभे राहिले. मग रस्त्यावरचे अडसर उचलून नेणारा ट्रक आला. बँड वाजला, झेंडे हलले, नगराध्यक्षा बाईंनी ड्रायव्हरला हार घातला. तो भला माणूस, त्याने घालून घेतला.

पुढचे काय सांगू! बल्बवाल्यांना आता कोणी हसून बोलत नाही. "चांगलं चाललेलं घड्याळ बिघडवलंत," असे लोक तोंडावर सांगतात. कुंड्याही पाच गेल्या. घड्याळ पुन्हा सात मिनिटे पुढे करून किल्ली घड्याळवाल्या आजोबांना (पुन्हा आजोबा) परत द्यावी असे ठरते आहे, पुढच्या गुरुवारी सभा आहे. इथवर सगळे छान. पण तुमची बहीण नऊ दिवस माझ्याशी बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि भिंतीला सांगते, "जेवण वाढलंय." भिंतीचे आणि तिचे चांगले चालले आहे. ती शर्यत चुकल्यामुळे खट्टू असेल, दुसरे काय! तुम्ही थोरले आहात, तिला दोन शब्द समजुतीचे लिहा. वहिनींना नमस्कार. डोळ्यांना जपा.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. आता उशिराचे ते तिसरे कारण, पुढचे कसे विचारावे तेच सुचत नव्हते. तुमच्याकडे क्रीडा साप्ताहिक निघते, त्याचा शर्यतीचा अंक या रविवारी येणार आहे. त्यात रिकाम्या रस्त्यावर टाळ्या वाजवणारा एखादा म्हातारा छापला आहे का, तेवढे बघावे. छापला असेल तर मला ठाऊक होते हे गावाला कळेल, आणि गुरुवारी किल्ली गेली म्हणून समजा. इथल्या वाचनालयात एकच प्रत येते, ती मी वाचायला घरी आणीन आणि माझे वाचन फार सावकाश आहे. पण तुमचे कोणी इकडे येणार असेल तर त्याच्या पिशवीत तो अंक नसावा.

ता. क. दुसरे. फोटोत माझा चेहरा नीट आला असेल तर चार प्रती घेऊन ठेवाव्यात. एक दुकानाच्या पत्त्यावर पाठवावी, घरच्या नव्हे. टोपी नसतानाही माणूस कसा दिसतो ते एकदा मला पाहायचे आहे.

ता. क. तिसरे. हिला यातले काही कळू देऊ नका. पाकीट तिच्याकडेच चिकटवायला देतो आहे, कारण माझ्या तोंडाला कोरड असते. पण ती माझी पत्रे वाचत नाही.

दादा, मी वाचते. लग्नापासून वाचते आहे. घरच्या घड्याळात नऊला पाच कमी असताना मी चहाचे आधण ठेवते, नऊच्या ठोक्यांना उकळी येते. त्या दिवशी ठोके पडायच्या आत चहा उकळून झाला, तेव्हाच मला कळले की घड्याळ कोणीतरी मागे घेतले. तरी आवारात गेले. हे येऊन सांगतात का ते बघायला. बिल्ल्याची पिन वाकडी होती, त्या माणसाच्या छातीत घुसली असती, म्हणून लावून दिली. हे फाटकापर्यंत आलेले मला दिसले, परत फिरलेले पण दिसले. बटण परवाच लावून ठेवले आहे, यांनी अजून शर्ट उघडून पाहिलेला नाही. किल्ली मिळू दे, नाहीतर दिवसभर घरात बसतील. फोटोची प्रत घरच्या पत्त्यावर पाठवा. आणि वरच्या खिडकीतल्या शिवणवर्गाच्या बाई फोटोत आल्या आहेत का, आल्या असतील तर हे कोणाकडे बघून टाळ्या वाजवताहेत, ते भिंग लावून नीट बघा आणि उलट टपालाने कळवा.