एका छपराखाली दोघी

१९ नोव्हेंबर १९७८, दिघोरी

तुमसरच्या राइस मिलचं काम सोडलं. कोंडा नाकात जातो, दुसरं कारण नाही. एसटीतून दिघोरी दिसली, उतरलो. थोरल्या बहिणीचं घर; तिला मी बाईच म्हणतो. बाईनं काही न विचारता भात वाढला. तिची लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सतरा सरली नाही अजून. पोट तेवढं मोठं, बाकी पोरगीच. मी गमतीत म्हटलं, "बाई, तू लय जाडी झाली व." कोणी हसलं नाही. भाऊजी बैलांना तनस टाकायला उठून गेले.

२२ नोव्हें.

नर्सबाई शेवंताला तपासायला आली. जाता जाता बाईचा पदर बाजूला केला, तेव्हा कळलं. बाईलाही आठवा महिना चालू. लेकीसोबत आपलंही पोट, म्हणून लाजेनं झाकून राहिली होती. शेवंताची सासू येऊन बोलून गेली म्हणे, "आजी होऊन राहिल्या का आई, ठरवा तं एकदा."

नर्सबाईनं वय विचारलं.

"कोणं मोजलं बापा?" बाई म्हणाली.

मी पाळण्यात होतो तेव्हा तिचं लग्न झालं, आता मी अठ्ठावीसचा. म्हणजे चाळीस पार. नर्सबाई म्हणाली, पोरीची कंबर अजून भरली नाही आणि हिचं अंग आता थकलं. जपायचं दोघींनाही, लाखांदूरला न्या. भाऊजी म्हणाले, "हिचं काय? आठ झाले घरीच. धान कापता कापता होते हिले."

आठ झाले, जगले चार.  

२७ नोव्हें.

शेजारच्या गावी दंडार होती, रात्रभराचा नाच-सोंगांचा खेळ. एका रात्रीसाठी गेलो, ढोलकीवाल्याशी दोस्ती झाली, मग त्याच्या गावी, मग... असंच. परत आलो तर बाई घरात नाही. खळ्यावरच्या झोपडीत. सुईण म्हणाली, एका छपराखाली दोघी बाळंत होऊ नाही, एकीचं दुसरीवर जाते. आणि घर पहिलटकरणीचं. बाई आपणहून गोधडी घेऊन निघाली. कोणी धाडलं नाही, असं सगळे सांगतात. अडवलं कोणी, ते सांगत नाहीत.

२९ नोव्हें.

खळ्यावर गेलो. धान चुरणं चालू, धाकटी पोरं बैलांमागे. बाई पेंढ्यांना टेकून बसली होती. पाय इतके सुजले की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. कपाळाला फडकं.

"डोकं दुखते काय?"

"उन्हानं."

ऊन कुठे आहे? थंडी पडली.

"भेव लागते काय, बाई?"

"पहिल्या वक्ताले लागे. आता आंगच म्हणते, पुरे कर. पण आंगाचं कोण आयकते?" मग मलाच हसली. "तू काहून तोंड पाडून बसला? जा, दंडारीत लुगडं नेसून नाच."

भाऊजींना म्हटलं, गाडी जुंपा. ते म्हणाले, गाडी शेवंतासाठी राखली आहे, तिची वेळ कधीही येईल. तेही खोटं नाही. शेवंता बाजेवर बसून रडते, "मामा, मी मरन काय?"  काही न करताच थकलो.

३ डिसेंबर, लाखांदूर

पहाटे शेवंताच्या कळा. भाऊजी, सुईण, गाडी, सगळे लाखांदूरच्या दवाखान्यात गेले. मी खळ्यावर सांगायला गेलो.

"तुह्यामांगं कोण उभं आहे रे?" बाई म्हणाली.

मागे कोणी नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. हात धरून तसंच सडकेवर आणलं. पहिली एसटी. कंडक्टरनं बाईला पुढची सीट दिली, भला माणूस.

दवाखान्याची पायरी मात्र चढेना. आत लेक आहे.

"तिचं मोकळं होऊ दे, मंग येतो."

"बाई, इथं छप्पर नाही, स्लॅब आहे."

"तुले काय समजते?"

निंबाखाली बसली. नर्सनं बाहेर येऊन तिथेच दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहून पळत आत गेली. पण डॉक्टर शेवंतापाशी अडकलेले, पोर चिमट्यानं ओढावं लागलं. दुपारी रडणं ऐकू आलं. मुलगा, मूठभर. शेवंताला टाके फार. तेव्हा कुठे बाई उठली.

तीच ता., दिवस कलताना, वाटेत

प्रेशर फार वाढलं, इथं होणार नाही, भंडाऱ्याला न्या, डॉक्टर म्हणाले. भाऊजी नातवाची साखर वाटायला गाडी घेऊन गावाकडे गेलेले. "त्यांच्याले पुसल्याबिगर कशी जाऊ? अन् पोरीची पाचवी?" बाईचं तेच. शेवंता खाटेवरून बोलली, "आई, तू नाही गेली तं मी पाचवीले बसतच नाही." आईला दम देताना तिला पहिल्यांदा पाहिलं. बाई दवाखान्याच्या जीपमध्ये चढली.

जीप तापली. ड्रायव्हर पाणी आणायला बोडीवर, शेतातल्या तळ्यावर, गेला आहे. बाई मागे आडवी.

"तुले कुठं जायचं होतं न रे बाबू? अडकवलं तुले."

कुठेच नव्हतं. म्हटलं, "भंडाऱ्यालेच."

"मंग बरं झालं."

पोट हलते काय विचारलं. म्हणाली, "मघा हललं."

मघा म्हणजे कधी, ते विचारलं नाही. डोळे मिटलेत. हाक मारली की हूं म्हणते. ड्रायव्हर डबा घेऊन येताना दिसतो आहे, सावकाश चालतो. पुन्हा हाक मारतो.