गिअरला सोबत

६ जानेवारी, दुपार
निवृत्त झाल्यापासून आज पहिल्यांदा दुपारची झोप पुरी झाली. एरवी जेवणं आटपली की आतल्या खोलीत हिचं शिलाई मशीन सुरू होतं आणि इकडे माझी खाट थरथरायला लागते. आज सगळं शांत. उठल्यावर कळलं, मशीन बंद पडलंय. मनात जे आलं ते इथेच लिहितो, बाहेर बोलण्यासारखं नाही: बरं झालं.

६ जानेवारी, संध्याकाळ
बरं झालं नाही. हिने नाचाच्या बाईंकडून वार्षिक कार्यक्रमाचे पोशाख शिवायचं काम घेतलंय. चाळीस पोशाख. कार्यक्रम मार्चअखेर. आजवर पडदे, उशांचे अभ्रे, कुणाची पँट आखूड कर, एवढ्यावरच हिचं चाललं होतं. हे पहिलं मोठं काम. शब्द देऊन बसलीय.
मशीनवाला बघून गेला. आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात पडलेत. मशीन जपानी, हिच्या आईने दिलेलं. असला गिअर आता इथे मिळत नाही म्हणाला. जुनं मशीन द्या, वर थोडे घाला, नवं न्या. ही जवळजवळ तयार झाली होती. मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. सगळी नोकरी कारखान्याच्या परचेसमध्ये काढलेल्या माणसाला हा खरेदी शिकवणार.
हिला सांगितलं, गिअर मी आणतो. ओरिजिनल. थेट जपानहून. ही म्हणाली, नक्की ना? मी बाईंना शब्द दिलाय. म्हटलं, मग आता माझाही धर.

८ जानेवारी
सापडला. जपानी साइट. सगळा मजकूर जपानीत, पण फोन भाषांतर करून देतो. जुन्या मशीनचे भाग विकणारं छोटंसं दुकान. फोटोतला गिअर आणि आमचा गिअर जुळे भाऊ. अडचण एकच: दुकानदार परदेशी पाठवत नाही.
मुलीला फोन केला. तिने सांगितलं, फॉरवर्डिंग सर्व्हिस असते. ते तुम्हाला तिथल्या त्यांच्या वेअरहाऊसचा पत्ता देतात, माल तिथे जातो, तिथून ते तुम्हाला पाठवतात. मग म्हणाली, नाहीतर बाबा, आईला सरळ नवं मशीन घेऊन द्या. मुलगी आईवर गेलीय. दूरदृष्टी नाही.

१० जानेवारी
आता आपला जपानमध्ये पत्ता आहे. माझं नाव, पुढे माझा नंबर, मग वेअरहाऊस. खालच्या मजल्यावरच्यांना सहज बोलता बोलता सांगितलं. ते म्हणाले, अरे वा, कधी निघालात? लोकांना समजावणं कठीण.
गिअर मागवला.

१७ जानेवारी
गिअर वेअरहाऊसला पोचला. दुकानदाराचा निरोपही आला: वस्तू नाजूक आहे, नीट जपून पाठवली आहे, घरच्यांना उपयोग होवो. काय माणसं आहेत.
आता फक्त 'पाठवा' दाबायचं. दाबणारच होतो, तेवढ्यात टपालखर्च बघितला. गिअरच्या किमतीच्या कितीतरी पट. नाकापेक्षा मोती जड. खाली लिहिलंय: अनेक वस्तू एकत्र करून एकाच पेटीत पाठवल्यास बचत. याला कन्सॉलिडेशन म्हणतात. हे मला सांगायला नको. कारखान्यात माझा नियमच होता, गाडी कधी अर्धी रिकामी आणायची नाही. साहेब लोक उदाहरण द्यायचे.
गिअरला एक-दोन वस्तूंची सोबत बघतो. वेअरहाऊसमध्ये काही दिवस फुकट ठेवतात. या आठवड्यात पाठवून टाकायचं. ठरलं.

२० जानेवारी
मिशीसाठी छोटी कात्री घेतली. खरं तर ती दोरे कापायची आहे, पण धार बघून राहवेना. गिअरला सोबत झाली.
हिने विचारलं, निघाला का? म्हटलं, निघण्याच्या तयारीत आहे.

२५ जानेवारी
न सांडणारी बाटली. नखं उडू न देणारा नेलकटर. बुटात पाय सरकवायचा लांब चमचा. या तिन्ही वस्तूंवाचून आपण आजवर कसे जगलो, कळत नाही.
एकूण टपालखर्च भागिले वस्तू असं मांडलं तर गिअरचा वाटा निम्म्याहून खाली आलाय. हिला कागदावर मांडून दाखवलं. ही कापडं बेतत होती. मान वर न करता म्हणाली, पण तो येणार कधी? भागाकारात रस नसलेल्या माणसापुढे काय बोलायचं.

३१ जानेवारी
उशी घेतली. खास दुपारच्या झोपेसाठीच बनवलेली. मशीन दुरुस्त झाल्यावर खडखडाट पुन्हा सुरू होणार, त्याची आत्ताच सोय केलेली बरी. म्हणजे ही खरेदी एका अर्थी मशीनसाठीच आहे. उशीला वजन असं नाहीच, तेव्हा टपालखर्चही नाही.

४ फेब्रुवारी
उशीला वजन आहे. म्हणजे नाही, पण ते धरतात. पेटीची लांबी, रुंदी, उंची मोजून त्याचं वजन काढतात. हवेचं वजन. कारखान्यात असा ट्रकवाला आला असता तर गेटवरूनच परत पाठवला असता.
आता पेटी मोठी झालीच आहे, तर आत हवा पाठवण्यात काय अर्थ? रिकामी जागा भरून काढायची. जितकी भरेल तितकी स्वस्त पडेल.

५ ते ११ फेब्रुवारी
भरतोय.

१२ फेब्रुवारी
घरात जरा तणाव. ही दोन दिवस हाताने टाचतेय. बोटांना चिकटपट्ट्या. आज नाचाच्या बाई मापं पुन्हा बघायला मुलींना घेऊन आल्या आणि मशीनवरचं झाकण उचलून बघून गेल्या. गेल्यावर ही म्हणाली, दुसऱ्या कुणाला काम देऊ का असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, त्यांना सांग, माल जपानमध्ये तयार आहे. ही म्हणाली, काम इथे आहे.
उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे बायको उतावळी आहे.
मुलीचाही फोन. म्हणाली, बाबा, तो एक गिअर आत्ता पाठवा ना. मी तिला हवेचं वजन समजावलं. ती म्हणाली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मसाला एकदाच लागतो, कोंबड्या वाढवायच्या असतात, हे तिला सुचत नाही.

१५ फेब्रुवारी
ही सकाळी कापलेली कापडं पिशवीत भरून बटणवालीकडे गेली. कोपऱ्यावरचं बटणं-दोऱ्याचं दुकान. तिच्या मागच्या खोलीत एक मशीन पडून असतं म्हणे. तात्पुरती सोय. मला काही अडचण नाही. पोशाखांचं काम थांबत नाही म्हटल्यावर आता पेटी घाईने पाठवायची गरज उरलेली नाही. उलट पद्धतशीर करता येईल.
दुपारी छान झोप.

२२ फेब्रुवारी
फुकट ठेवण्याची मुदत संपल्याचा वेअरहाऊसचा निरोप. आता रोजचं भाडं. ताबडतोब निर्णय घेतला. निर्णयशक्ती ही माणसात असावी लागते.
कन्सॉलिडेशनची आज्ञा दिली. सोबत 'पॅकिंग काढून टाका' यावरही खूण केली: खोकी, पुठ्ठे, कागद, सगळं काढायचं. हवेचं वजन खाली. आता दोनच दिवस.

२५ फेब्रुवारी
वेअरहाऊसकडून शंका. फार काटेकोर लोक. फोटो पाठवलाय: बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, झाकणावर दोन बदकं, चहूबाजूंनी चिकटपट्टी. म्हणतात, ग्राहकाचे बंद डबे आम्ही उघडत नाही. हा खाद्यपदार्थ असल्यास वेगळा जाहीर करावा लागेल, त्याला वेळ लागेल. ठेवावा की टाकून द्यावा?
मी बिस्किटं मागवलेलीच नाहीत. कुणातरी दुकानदाराने प्रेमाने सोबत घातलेली दिसतात. मोह झाला. बदकं सुरेख होती. पण हिचा चेहरा डोळ्यांसमोर आला. माझ्या जिभेच्या चोचल्यांसाठी हिचं मशीन आणखी अडवायचं? छे.
कळवलं: टाकून द्या.
त्याग कुणाला सांगायचा नसतो. म्हणून इथे लिहितो.

२८ फेब्रुवारी
पेटी निघाली. विमान आणि बोट यांच्यामधला एक प्रकार होता, तो निवडला. मध्यममार्ग.
हिला सांगायला मुद्दाम बटणवालीच्या दुकानात गेलो. मागच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मधे पोशाखांचा निळा ढीग. कशावरून तरी हसत होत्या. मी म्हटलं, निघाला! ही म्हणाली, बरं. बटणवालीने विचारलं, कोण निघाला?

५ मार्च
ट्रॅकिंग: निघाले आहे.

९ मार्च
ट्रॅकिंग: निघाले आहे. बघताना पान सारखं ताजं करावं लागतं, त्यात सकाळ जाते. लोकांना वाटतं रिटायर माणसाला काम नाही.

१४ मार्च
कस्टम्स. त्यांनी विचारलंय, इतक्या वस्तू व्यापारासाठी आहेत का. उत्तर लिहिलं: घरगुती शिलाई मशीनच्या दुरुस्तीसाठी. त्यांनी यादी परत पाठवली आणि उशी, बाटली, नेलकटर, बुटाचा चमचा, अंडं सोलायचं यंत्र यांच्याखाली रेघा मारल्या. ड्यूटी भरली. वाद घालत बसलो असतो, पण हिला उशीर नको.

१९ मार्च
आली! पेटी दारातून आत येईना, आडवी करावी लागली.
हिला फोन करून दुकानातून बोलावून घेतलं. समोर बसवलं. मशीनवाल्यालाही बोलावलं, तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. मग मी पेटी उघडली. उशी निघाली, दाबून पापड केलेली, बाहेर येताच फुगू लागली. कात्री. बाटली. चमचा. यंत्र. आणखी बरंच. प्रत्येक वस्तूची थोडक्यात माहिती देत होतो.
तळ लागला.
पेटी उलटी केली. उशीचा अभ्रा काढून बघितला. बाटलीचं झाकण उघडून बघितलं. मशीनवाला जमिनीकडे बघत होता. ही उठली, चपला घातल्या, म्हणाली, दोन बाह्या लावायच्या राहिल्यात, जाते.
वेअरहाऊसला कडक भाषेत लिहिलंय. त्यांनी लगेच कळवलं की सांगितलेलं सगळं पाठवलं आहे. कुठेतरी मोठा हलगर्जीपणा झालेला आहे.

२१ मार्च
दुकानदारालाही लिहिलं होतं, गिअर पाठवलाच होता का म्हणून. जरा चढ्या आवाजातच. उत्तर आलं. फोनने भाषांतर केलं. एकदा वाचलं, मग पुन्हा करायला लावलं. तेच आलं.
गिअर नाजूक असल्याने वाटेत चेपू नये म्हणून आम्ही तो कापसात गुंडाळून मजबूत पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. आमच्या घरातलाच बिस्किटांचा डबा. बदकं आवडली असतील अशी आशा.

२२ मार्च
काही लिहिण्यासारखं नाही.

२३ मार्च
हिला सांगितलं. आधी कुरिअर, कस्टम्स, जागतिक परिस्थिती यांबद्दल बोललो, मग डब्याचं सांगितलं. वाटलं, चिडेल. चिडली असती तर बरं वाटलं असतं. बटण लावता लावता ऐकत होती. लगेच म्हटलं, त्या दुकानात तसाच आणखी एक गिअर आहे, या वेळी एकटाच मागवतो, विमानाने. दोरा दाताने तोडून ती म्हणाली:
"राहू दे. मला तो जानेवारीत हवा होता."

२९ मार्च
कार्यक्रम झाला. चाळीस निळे पोशाख रंगमंचावर एकदम गिरकी घेतात तेव्हा कसं दिसतं, ते मला लिहिता येणार नाही. एकाचीही शिवण उसवली नाही. शेवटी नाचाच्या बाईंनी दोघींना वर बोलावलं, हिला आणि बटणवालीला. मी फार जोरात टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमच्या घरातलं कुणी नाचत होतं का? म्हटलं, नाही, शिवत होतं. त्या पुढे विचारतील म्हणून थांबलो, की मशीनची व्यवस्था कोणी केली वगैरे. नाही विचारलं.

२ एप्रिल
बाईंनी पुढच्या वर्षीचंही काम दिलं. आणखी एका शाळेचं आलंय. ही आणि बटणवाली आता भागीदारीत. मागच्या खोलीत दुसरं मशीन हवं, म्हणून आज मशीनवाला येऊन हिच्या आईचं मशीन बदल्यात घेऊन गेला. तो नेताना हिने मशीनच्या चाकावरून एकदा हात फिरवला. मी वर्तमानपत्र वाचत होतो. उलटं होतं बहुतेक.
आतल्या खोलीत मशीनचं टेबल तेवढं राहिलं. ही म्हणाली, तुमचं जपानचं सामान त्यावर मांडा, तेवढीच जागा झाली. मांडलं. मिशीची कात्री मात्र दिसत नव्हती. मग कळलं, ही दुकानात घेऊन गेलीय. दोरे छान कापते म्हणे. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मीच चकित झालो. मिशी वाढली तरी चालेल.

४ एप्रिल, दुपार
जेवण एकट्याने. मग नवी उशी घेऊन आडवा झालो. उशी खरोखर उत्तम आहे, त्यात वाद नाही. घरात कुठे टाचणी पडली तरी ऐकू येईल. पण टाचण्याही दुकानात गेल्यात.
एक कूस, दुसरी कूस. झोप येईना. दोन वाजले की आतून खडखड सुरू होईल असं वाटत राहिलं, आणि ती झाल्याशिवाय डोळा लागणार नाही अशी काहीतरी शरीराची समजूत झालेली दिसते. मला ते मशीन हवंय. हे आत्ता कळून उपयोग नाही, पण लिहून ठेवतो.
उठलो. फोन बघितला. वेअरहाऊसचा निरोप: आमची 'वस्तू टाकून देणे' ही सेवा आपणास कशी वाटली?
पाच तारे दिले. मी सांगितलं तेच त्यांनी केलं होतं.