हात सुटेना

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

साखळीच्या खेळाला ना चेंडू लागतो ना जाळी. फुकटात काम होतंय म्हणून मी तोच आधी निवडला. त्याची खरी किंमत पोरांना मोजावी लागली.

मी सुखरूप आहे. पूर ओसरलाय, पाणी उकळून पितो. पोरांना खेळवायला आलोय ती पूरग्रस्तांची छावणी इथल्या शाळेतच आहे. निघताना तुझ्यापुढे छाती फुगवून म्हणालो होतो ना, "दुसऱ्यांचे चेंडू वेचत वेचत खेळाचा क्लब उभा केलाय मी, पूरग्रस्त पोरं आठवड्यात शर्यती धावतील!"

काल पटांगणात साखळी मांडली. ज्याला शिवलं, त्यानं हात धरून साखळीत यायचं. सगळी पोरं साखळीत आली. मी ओरडलो, "संपला खेळ, सोडा हात!" कुणी सोडेना. वाटलं, माझी फिरकी घेतायत. म्हटलं, "काय रे, डिंक लावलाय का?" कुणी हसलं नाही. बोटं पांढरी पडली होती. टोकाची चिमुरडी म्हणाली, "काका, पाण्यात मी दादाचा हात सोडला होता."

ताई, मी तिचा मोकळा हात धरला आणि जेवणाची घंटा होईपर्यंत तसाच उभा राहिलो. आईला हे वाचून दाखवू नकोस. तिचा खोकला कसा आहे?

आज सगळ्यांना गोलात बसवून चेंडू दिला. चिमुरडी माझा हात धरून बराच वेळ बघत राहिली, मग हात सोडून तिनं चेंडू झेलला.

धावलं मात्र अजून कुणीच नाही.

तुझा,
धाकटा