राजाने न दिलेली मान्यता

बाबा, आज वर्गात लॅटिन अमेरिकेतल्या नव्या राष्ट्रांचा धडा घेतला आणि दिवसभर तुमचा राग येत राहिला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. मेक्सिकोने स्पेनचं राज्य झुगारलं, स्वतःचं सरकार बसवलं, झेंडा लावला, तरी माद्रिदचा राजा हटून बसला. त्याच्या लेखी ती वसाहतच. मुलं म्हणाली, मिस, राज्य तर तेच चालवत होते, मग याला विचारतंय कोण? मी हसले आणि पुढे शिकवायला लागले.

ही गोष्ट मला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलीत, हे विशेष. रविवारी वेम्बलीहून भाजी यायची, लंडनमधल्या आपल्या पिनरच्या अरुंद किचनमध्ये आई दुधी चिरायची, आणि तुम्ही हॉस्पिटलचा आठवडा विसरून क्रांत्यांवर बोलायचात. कुठल्या गुलामांनी मालकांना हाकललं, कुठल्या वसाहतीने कुणाला ठेंगा दाखवला. काय रंगून सांगायचात! मला वाटायचं, या माणसाला स्वातंत्र्य किती आवडतं. मग एक दिवस त्याच किचनमध्ये मी उभी आहे. मेडिसिनच्या ॲडमिशनची ऑफर सोडून हिस्टरी घेतेय, असं सांगतेय. तुम्ही चहा ढवळायचं थांबत नाही, आवाजही चढवत नाही. "तुला काय करायचं ते कर. माझ्या लेखी तू डॉक्टरच."

आणि शब्द पाळलात की! मी ग्लासगोला शाळेत लागले, तरी मंडळाच्या गणपतीत तुम्ही मला पुढे करायचात, ही आमची डॉक्टर, ग्लासगोच्या हॉस्पिटलला असते म्हणून. मग काकू लोक आरती संपायच्या आत मला गुडघे दाखवायला लागायच्या. एकदा मी सांगून टाकलं, काकू, मी शाळेत इतिहास शिकवते. तुम्ही हसत म्हणालात, "थट्टा करते ती." चारचौघांत. तिथेच आरतीचं ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. माझं सगळं आयुष्य तुम्ही थट्टेवारी नेलंत, बाबा.

स्पेनची मान्यता राजा मेल्यावर आली. गादीवर लहान मुलगी, कारभार विधवा राणीच्या हातात, तिच्या राजवटीत ती मान्यता देऊन टाकली. हे फळ्यावर लिहिताना आज हात थांबला. गेल्या गणपतीत एका बाईंनी आईला विचारलं होतं, लेक कुठल्या हॉस्पिटलला असते? प्रसादाच्या वाट्या भरता भरता आई म्हणाली, "हॉस्पिटलला नाही. इतिहास शिकवते ती. पहिल्यापासून." त्या बाई 'अस्सं' म्हणाल्या आणि वाटी घेऊन गेल्या. इतकं सोपं होतं ते.

त्या दिवशी पिनरला परतताना ट्रेनमध्ये मला रडू आलं. आईने माझा हात धरला. तिला वाटलं, आनंदाने रडतेय. तिला खरं सांगणार नाही, आणि हा कागद तर मी आत्ता फाडणारच आहे. तिने दिलेली मान्यता मला पुरली नाही. मला तुमची हवी होती.